अनुभव हवा, पण फुकटचा परवडत नाही

‘अनुभव आहे का?’ लॅब असो, हॉस्पिटल असो की मेडिकल स्टोअर, काम मागायला गेलं की पहिला प्रश्न हाच. आणि अनुभव घ्यायला गेलं की सांगतात, सहा महिने बिनपगारी ये, दिवसभर थांब, मग बघू. ज्याच्या घरून महिन्याला पैसे येतात त्याला हे जमतं. पण गडचांदुरात सकाळी कॉलेज करून दुपारनंतर सिमेंट कंपनीत कंत्राटदाराकडे नाहीतर दुकानात कामाला जाणाऱ्या पोराने काय करायचं? त्याच्या पगारावर घरचा किराणा येतो. त्याला फुकटचा अनुभव परवडतच नाही. म्हणजे हुशारी कमी म्हणून नाही, तर पैसे नाहीत म्हणून तो आरोग्य क्षेत्राच्या बाहेर राहतो.

यात नुकसान त्या एकट्याचं नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल आहे, मलेरिया आहे. १ जुलै २०२३ला देशात सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत निर्मूलन, असं त्याचं लक्ष्य आहे. हे काम काही फक्त डॉक्टरांनी होणार नाही. तपासणीला लोकांना आणायचं, रजिस्टर भरायचं, रिपोर्ट समजावायचा, औषध सोडलेल्या पेशंटला परत बोलवायचं. कोरपना-जिवतीच्या गुड्यांवर हे सगळं गोंडी, कोलामी किंवा तेलुगूत बोलावं लागतं. ही भाषा शहरातून आलेल्याला शिकायला वेळ लागतो. आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांच्या ती घरात आहे.

आणि असं शिक्षण घरकाम, शेतीकाम सांभाळून देता येतं, हे आपल्या शेजारच्याच जिल्ह्याने जगाला दाखवलंय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीच्या ३९ गावांत थोड्याफार शिकलेल्या बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्या आपल्याच गावात राहून काम करत होत्या. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला: तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात बाळांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली. पुढे २०११पासून देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांपर्यंत भेटी देऊ लागल्या. तिथे शिक्षण बायांच्या वेळेप्रमाणे बसवलं होतं. मग कॉलेजच्या पोरांसाठी का बसवता येऊ नये?

नवीन शैक्षणिक धोरणात तर दार उघडलंच आहे. ऑन जॉब ट्रेनिंग, फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट, या सगळ्याला आता क्रेडिट आहेत. माझं म्हणणं एवढंच, की हे तास एकदम महिनाभर सलग मागू नका. आठवड्याचे सहा-आठ तास, शनिवार-रविवार धरून, सेमिस्टरभर वाटून द्या. आणि एखादी मुलगी आधीच लॅबच्या काउंटरवर पगारी काम करत असेल, तर जबाबदार माणसाच्या देखरेखीखालचे तिचे ते तास धरा. कमवणाऱ्याला दोनदा राबवू नका.

कोणी म्हणेल, शिकाऊ पोरांच्या हाती पेशंट द्यायचे का? अजिबात नाही. इंजेक्शन, सलाईन, औषध देणं हे त्यांचं काम नाही. १९४८च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषधसुद्धा नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं असतं. केसपेपर, नोंदी, ओपीडीची रांग, पेशंटशी बोलणं, सोबत उभं राहून बघणं, एवढ्यातही खूप शिकायला मिळतं. उलट कागदावर नियमच नसले, की कमी पैशात पोरांकडून नर्सची कामं करून घेतली जातात. यात पेशंटही धोक्यात आणि पोरगंही.

दोस्तांनो, आपल्या हातातही थोडं आहे. कामाला लागतानाच परीक्षेच्या तारखा सांगून ठेवा, ऐनवेळी नाही. रोज काय शिकलो ते वहीत तारखेसह लिहा. सोडताना तास आणि काम लिहिलेलं पत्र मागून घ्या; त्यात लाजायचं काय? नाईट करून सकाळी पेपर, असली हिरोगिरी नको. आणि ‘कॉलेजला न येता नर्सिंग’ असं कोणी म्हणालं, तर पैसे देण्याआधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता तपासा.

बाकीचं मोठ्यांनी करायचं आहे. गडचांदूरचं ग्रामीण रुग्णालय आणि इथली कॉलेजं काही शंभर किलोमीटर लांब नाहीत. प्राचार्य आणि वैद्यकीय अधीक्षकांनी एकदा सोबत बसावं, कोणती कामं, किती तास, कोणाची देखरेख, हे एका कागदावर लिहावं आणि येत्या सेमिस्टरला दहा पोरं घेऊन सुरू करावं. त्यातल्या निम्म्या जागा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी ठेवाव्यात.