मे महिन्यातलं कुलूप

मे महिन्यात लालबाग-परळच्या चाळींतून दोन प्रकारची मुलं गायब होतात. काही कोकणात गावी गेलेली असतात, बाकीची क्लासला. टॅली, एमएस-सीआयटी, टायपिंग, इंग्रजी बोलायला शिकवणारे वर्ग. घरी थोडी ऐपत असेल तर काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन. उन्हाळ्यात शिकायला मुलं तयार आहेत आणि आईबाप पदरमोड करून पैसेही भरतात. त्याच दिवसांत चौपाटीवरचं विल्सन, दादरचं कीर्ती, माटुंग्याचं रुईया, परळचं एम. डी. इथले वर्ग मात्र रिकामे. आवारात वर्दळ असलीच तर परीक्षेची, नाहीतर प्रवेशाची चौकशी करायला आलेल्या पालकांची.

कॅलिफोर्नियात स्थिरावलेल्या मराठी घरांना हे चित्र विचित्र वाटेल. तिथला मुलगा बर्कलीला किंवा डेव्हिसला शिकत असतो, सुट्टीत घरी येतो आणि जवळच्या कम्युनिटी कॉलेजात, समजा कुपर्टिनोच्या डी अँझात, एखादा विषय घेतो. त्या राज्यात अशी शंभराहून जास्त सार्वजनिक कॉलेजं आहेत. स्थानिक रहिवाशाला एका युनिटमागे ४६ डॉलर पडतात. विद्यापीठाच्या फीपुढे ही रक्कम किरकोळच. मग गणितात अडकलेली गाडी काही आठवड्यांत मार्गी लागते. कुठल्या कॉलेजचा कुठला विषय राज्यातल्या कुठल्या सरकारी विद्यापीठात धरला जाईल, हे ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर आधीच पाहता येतं. न बघता फी भरणाऱ्याचा उन्हाळाही जातो आणि पैसेही.

आपल्याकडे हे कसं जमायचं, असं कुणी म्हणेल. जमवायला नियम कधीचा तयार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा जो आराखडा काढला, त्यात आठ आठवड्यांच्या उन्हाळी सत्राची तरतूद आहे. जादा विषय घ्यायला किंवा राहिलेले विषय पुरे करायला त्या सत्रात नेहमीचे अभ्यासक्रम वेगाने शिकवता येतील, असं तो सांगतो. त्याआधी २०२१ मध्ये श्रेयांकांची, म्हणजे क्रेडिटची, बँक आली. दुसऱ्या संस्थेत मिळवलेले क्रेडिट तिथे जमा होतात. निम्मे तरी पदवी देणाऱ्या संस्थेतले असले म्हणजे झालं. त्याच वर्षी ‘स्वयम’वरच्या ऑनलाइन विषयांची मर्यादा ४० टक्क्यांवर नेली गेली. एप्रिल २०२२ मध्ये तर एकाच वेळी दोन पदव्या करायलाही आयोगाने हिरवा कंदील दाखवला.

एवढं सगळं असून गंमत अशी, की उन्हाळ्यातला चार क्रेडिटांचा व्यवसाय अभ्यासक्रम या आराखड्यात सक्तीचा आहे तो पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणाऱ्याला. जो टिकून शिकतोय, त्याच्यासाठीचे वर्ग ‘देता येतील’. प्राध्यापक किती आणि विद्यार्थी किती ते पाहून संस्थेने ठरवायचं. आणि सरकारी कागदावरच्या ‘देता येईल’चं पुढे काय होतं, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

यात सगळ्यात जास्त भरडला जातो तो केटीवाला, म्हणजे विषय राहिलेला विद्यार्थी. अकाउंट्समध्ये केटी लागलेल्या बीकॉमच्या मुलासाठी कॉलेज काय करतं? फॉर्म भरून घेतं, हॉल तिकीट देतं. तो विषय त्याला सहसा पुन्हा कुणी शिकवत नाही. पुढच्या सत्राची लेक्चरं एकीकडे आणि जुना विषय एकीकडे, अशी ओढाताण करत तो पुन्हा बसतो, बऱ्याचदा पुन्हा अडकतो, आणि शेवटी क्लासवाल्याचं दार ठोठावतो. उन्हाळी सत्राची सुरुवात याच मुलांपासून व्हायला हवी. परदेशी भाषा, डेटा अॅनालिटिक्स वगैरे झकपक विषय नंतर आणता येतील.

विद्यार्थ्याच्या सोयीने वेळ आखणं या शहराला नवीन नाही. नारायण मल्हार जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली आणि तिच्या रात्रशाळांनी कामगारांना अक्षरओळख दिली. १९४६ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं; सकाळी तास करून नोकरीवर जाता येईल, अशी तिथली व्यवस्था होती. गिरणीचा भोंगा आणि कचेरीचं मस्टर पाहून वेळापत्रक लावणारी माणसं इथे होऊन गेली. भोंगे बंद झाले, पण सुट्टीत मॉलमध्ये किंवा डिलिव्हरीवर काम करणारी मुलं आजही त्याच गल्ल्यांत राहतात. सकाळी सात ते दहा वर्ग चालला, तर त्यांचाही रोज बुडणार नाही.

प्राध्यापकांच्या सुट्टीचं काय, हा प्रश्न खरा आहे. वर्षभर शिकवून उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांत बुडालेल्या माणसाला पुन्हा फळ्यासमोर उभं करणं अन्यायाचंच. पण याच कॉलेजांत तासिका तत्त्वावरचे प्राध्यापकही आहेत. तास नाही तर पैसा नाही, असा त्यांचा हिशेब. त्यामुळे मे महिना कोरडा जातो. त्यांना रीतसर मानधन देऊन हे वर्ग सोपवता येतील. अर्थात, प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा कायमच्या भरायच्याच नाहीत, यासाठी उन्हाळी सत्र ही नवी सबब होता कामा नये.

प्रत्येक कॉलेजने सगळेच विषय शिकवायचीही गरज नाही. परळ, दादर, माटुंगा ही अंतरं बेस्टच्या एका तिकिटाची. अकाउंट्स एम. डी.त, संख्याशास्त्र रुईयात, अर्थशास्त्र कीर्तीत असं वाटून घेता येईल. मुलगा कुठल्याही कॉलेजचा असो, मिळालेले क्रेडिट त्याच्या खात्यात पडावेत. फक्त कुठला विषय कुठे धरला जाईल, याची यादी मुंबई विद्यापीठाने मार्चअखेरीस लावायला हवी. कारण एप्रिलमध्ये मुलं गावाची तिकिटं काढतात आणि क्लासवाल्यांची पत्रकं चाळीच्या जिन्यात येऊन पडतात.