ऑपरेशन थिएटरचा दरवाजा

गुडघा बदलायचा म्हटलं की नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, सांधा कुठल्या कंपनीचा?" थिएटरमधली हवा कशी आहे, हे आजवर कुणीही विचारलेलं नाही. माझ्या मते ते आधी विचारावं.

भिंतीवरचा स्प्लिट एसी खोली गार करतो, पण तीच हवा फिरवत राहतो. थिएटरला हवी गाळलेली हवा: ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा हेपा फिल्टर, तासाला साधारण २० वेळा हवाबदल, आणि आतला दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त. म्हणजे फटीतून हवा बाहेर जाते, आत येत नाही.

पण घाण येते ती मुख्यतः आपल्यापासूनच. आपल्या त्वचेचे बारीक कण सतत गळतात आणि त्यांवर जंतू असतात. जितकी माणसं आणि जितकी ये-जा, तितके कण जास्त. लाखोंचा फिल्टर बसवून दरवाजा उघडा ठेवला, की दाब गेलाच! मीसुद्धा पूर्वी फोन आला म्हणून मध्येच बाहेर गेलो आहे. आता फोन बाहेर राहतो, आणि विसरलेलं सामान आणायला कुणी निघालं की मी चिडतो. सिस्टर वैतागतात, वैतागू देत.

तेव्हा सांध्याच्या कंपनीबरोबर एवढंही विचारा: फिल्टरची तपासणी शेवटची कधी झाली?