पकड सुटली नाही

मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री समुद्रमार्गे चालून आलेल्या दहा पाकिस्तानी अतिरेक्यांपैकी नऊ मारले गेले. एक जिवंत हाती लागला. त्याचे श्रेय सातारा जिल्ह्यातील केडंबे गावच्या सुपुत्राकडे, सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्याकडे जाते.

हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तिघे अधिकारी कामा रुग्णालयाजवळ त्याआधीच धारातीर्थी पडले होते. पळवलेल्या मोटारीतून निघालेल्या दोघा अतिरेक्यांना गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत अडवण्यात आले. एक ठार झाला. दुसरा, अजमल कसाब, रायफल चालवू पाहताच ओंबळे त्याच्यावर झेपावले. हाती केवळ लाठी होती. त्यांनी रायफलीची नळी घट्ट धरली आणि गोळ्या शरीरात घुसत असतानाही पकड सोडली नाही. तेवढ्या अवधीत सहकाऱ्यांनी कसाबला जेरबंद केले.

ओंबळे यांनी पोलीस दलात येण्यापूर्वी सैन्यात सेवा बजावली होती. त्यांच्या कृतीत क्षणिक आवेश नव्हता. अंगी मुरलेली शिस्त होती. तिचे मोल पुढे जगाला कळले. कसाब पाकिस्तानी असल्याचे आधी नाकारणाऱ्या इस्लामाबादला जानेवारी २००९ मध्ये ते मान्य करावे लागले. हल्ल्याचा कट कोठे शिजला, याचा जिवंत पुरावा भारताच्या हाती आला. रीतसर खटला चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत सुनावणी झाली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात कसाबला फाशी देण्यात आली. निरपराधांचे रक्त सांडणाऱ्यालाही कायद्याने न्याय देणारे राष्ट्र म्हणून भारताची मान उंचावली.

राष्ट्राने ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र दिले. २०२१ मध्ये संशोधकांनी कोळ्याच्या एका नव्या प्रजातीलाही त्यांचे नाव दिले. हा गौरव उचितच आहे. परंतु अत्याधुनिक रायफलीसमोर लाठी घेऊन उभे राहण्याची वेळ पोलिसावर का यावी, हा प्रश्न हारतुऱ्यांखाली झाकला जाऊ नये. राम प्रधान समितीने दलातील उणिवांवर बोट ठेवले होते. त्याही आधी, २००६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात पोलीस सुधारणांचे निर्देश दिले होते. त्यांची पूर्ण अंमलबजावणी अद्यापही झालेली नाही. वीराच्या छातीवर विसंबून राहणे हे सुरक्षेचे धोरण होऊ शकत नाही.

लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे १९५९ साली चिनी गोळ्यांना बळी पडलेल्या दहा जवानांच्या स्मरणार्थ २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन पाळला जातो. त्या दिवशी, आणि २६ नोव्हेंबरलाही, मेणबत्ती लावून घरी परतणे सोपे असते. चौकात उन्हातान्हात उभ्या असलेल्या पोलिसाशी आदराने वागणे, कायदा पाळणे, त्याच्या शस्त्रांसाठी, प्रशिक्षणासाठी आणि घरासाठी शासनाला जाब विचारणे, हे वर्षभराचे व्रत आहे. ओंबळे यांनी आपली पकड सोडली नाही. समाजानेही आपल्या कर्तव्यावरची पकड सोडता कामा नये.