छातीवर हात ठेवून सांगा

कवीमित्रांनो, आज एक हिशोब मागतो. आपण आजवर काळीज हा शब्द किती वेळा लिहिला? मी माझ्या दोन वह्या चाळल्या. 41 वेळा सापडला. कुठं ते पेटलंय, कुठं फाटलंय, कुठं कुणी मुठीत धरलंय. (काळीज म्हणजे खरं तर यकृत, असं एका शिकलेल्या मित्रानं मला सुनावलं. असेल. माय छातीवर हात ठेवून काळीज म्हणते, मी तिचं मानतो.) पण या 41 काळजांपैकी एकाचाही रक्तदाब मला ठाऊक नाही. माझ्या बाचा तर तो मेल्यावरही कळला नाही.

जालन्याच्या एमआयडीसीत मी सळईच्या कारखान्यात रोलिंगवर आहे. जालना सोने का पालना, असं इथं म्हणतात. त्या पाळण्यात कोण झोपतो हे म्हणीत येत नाही. आमच्या वाट्याला भट्टी आली. लालभडक लोखंड एका रुळातून सापासारखं निघतं, ते सांडशीनं धरायचं अन् दुसऱ्या रुळात घालायचं. बारा तास. बा याच आगीपुढं ठेकेदाराकडं राबला. "मह्या कानशिलात घण पडतेत," म्हणायचा. मेडिकलवाला डोकेदुखीची गोळी द्यायचा, की पुन्हा पाळीवर.

एकदा मी त्याला एका दवाखान्यात नेलं. टेबलावर रक्तदाबाचं मशीन होतं. डॉक्टरनं आडनाव विचारलं, गाव विचारलं, राहता कुठल्या वस्तीत ते विचारलं. मग टेबलापलीकडूनच चिठ्ठी खरडली. पट्टा दंडाला लागलाच नाही. गर्दी होती, घाई असेल. पण आमच्या मागून आलेल्या माणसाच्या दंडासाठी त्याच घाईत वेळ निघाला.

पुढं तीन महिन्यांनी, रातपाळीत पहाटे, बा भिंतीला टेकून बसला तो उठला नाही. 47 वर्षांचा होता. ठेकेदार म्हणाला, "दारू पीत असंल." बानं पंचशील घेतलं होतं आणि पाळलंही होतं. तंबाखू खायचा, ते मी लपवत नाही. पण मेलेल्या माणसाला आधी बेवडा ठरवायचं, मग हजेरीतून त्याचं नाव गायब करायचं, हा कुठला न्याय?

आता शहाणे लोक म्हणतील, तुमच्या सवयीच वाईट. मीठ जास्त, तंबाखू, तिखट. अरे, कबूल! वाळवून मीठ लावलेलं मांस आमच्या आज्यांनी हौसेनं नाही खाल्लं. जे टाकलेलं मिळायचं ते टिकवून खायचं होतं. पण सगळा दोष ताटावर टाकून तुम्हाला सुटता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 साली मिळून सांगितलं: आठवड्याला 55 तास किंवा त्याहून जास्त राबणाऱ्याला, 35 ते 40 तास काम करणाऱ्यापेक्षा लकव्याचा धोका 35 टक्क्यांनी जास्त, आणि हृदयविकारानं मरण्याचा 17 टक्क्यांनी. बारा सक बहात्तर. आमचे तास तुम्हीच मोजा.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना त्यांनी कायद्याची दुरुस्ती आणली, आणि 1946 साली कारखान्याचे आठवड्याचे 54 तास 48 वर आले. आम्ही त्यांना घटनाकार म्हणून हार घालतो. कामगाराच्या छातीवरचा भार उतरवणारा माणूस म्हणून कधी आठवत नाही. 2025 च्या सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातल्या दिवसाच्या कामाची मर्यादा 9 तासांवरून 12 वर नेण्याला मान्यता दिली. आठवड्याचे 48 कागदावर तसेच ठेवले. कागदावर तर बाचंही नाव असायला हवं होतं.

आणि गरिबी हेच एक कारण असतं तर मी ही जात मधे आणली नसती. 2022 साली एक अभ्यास छापून आला. उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या नऊ राज्यांतला, आपलं राज्य त्यात नाही. दलिताचं आयुर्मान उच्चजातीय हिंदूपेक्षा तीन वर्षांहून जास्त कमी, आदिवासीचं चार वर्षांहून जास्त कमी. पैशापाण्याचा फरक हिशोबात धरला तरी या दरीतला निम्माही भाग त्यानं उलगडत नाही. उरलेला कशानं होतो? गुजरात-राजस्थानातल्या दलित पोरांचा 2010 चा अभ्यास सांगतो, औषध देणारा हात लागू देत नाही. रक्तदाब तर शिवल्याशिवाय मोजताच येत नाही! दंड धरावा लागतो, बाही वर करावी लागते, पट्टा गुंडाळावा लागतो. अस्पृश्यता गेली म्हणणाऱ्यांनो, माझ्या बाचा दंड बघायला या.

आता आपल्या लोकांशी भांडतो. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव अमेरिकेतल्या काळ्या पँथरांकडून घेतलं, ते 1966 चे. आवेश घेतला, भाषा घेतली. चांगलं केलं. पण त्या काळ्या पोरांनी वस्त्यावस्त्यांत फुकट दवाखाने काढले होते, तिथं रक्तदाब तपासला, सिकलसेलसाठी रक्त तपासलं. आम्ही पँथर आणला आणि त्याचा दवाखाना तिकडंच सोडून आलो. आज जयंतीला डीजेच्या भिंती उभ्या करतो, एका रात्रीचं भाडं ऐकून माझी छाती धडधडते. ब्लडप्रेशरचं मशीन दोन हजारांत येतं.

काळ्यांचं पुढचं काम ऐका. लॉस एंजेलिसात न्हाव्याच्या 52 दुकानांत 319 काळ्या पुरुषांवर एक प्रयोग झाला, 2018 साली छापला गेला. सगळ्यांचा वरचा आकडा 140 किंवा त्याच्या वर. काही दुकानांत औषधाचा जाणकार स्वतः येऊन बसायचा, डॉक्टरशी ठरवून तिथंच गोळी सुरू करायचा. सहा महिन्यांत वरचा आकडा सरासरी 27 नं उतरला. जिथं न्हाव्यानं नुसतं डॉक्टरकडं जा म्हणून सांगितलं तिथं 9 नं. म्हणजे जयंतीच्या मांडवात एक दिवस मोजायचं, पुढाऱ्याचा फोटो काढायचा आणि उठायचं, यानं फारसं साधत नाही. गोळी माणसापाशी यावी लागते, आणि दर महिन्याला यावी लागते.

पण ते न्हाव्याचं दुकान! काळ्या माणसाचं ते हक्काचं ठिकाण. आमच्या आज्याच्या डोक्याला गावचा न्हावी हात लावत नव्हता, घरातलाच कुणीतरी वस्तरा फिरवायचा. म्हणून आमची जागा विहार. तिथं दार अडवणारा कुणी नाही.

आम्ही चौघांनी वर्गणी काढून मशीन आणलं. दर रविवारी वंदना झाली की बसतो. वस्तीतली एक आशाताई शिकवते: आधी पाच मिनिटं गप बसवा, पाय जमिनीला टेकवा, बोलू देऊ नका. (आमच्या माणसाला पाच मिनिटं गप बसवणं हे मोर्चा काढण्याहून अवघड.) नाव, आकडा, पाळी, तास, सगळं वहीत. गोळ्या आम्ही वाटत नाही, तो आमचा अधिकार नाही. आकडा वाढलेला असला की माणसाला धरून सरकारी केंद्रात नेतो. पहिल्याच रविवारी माझ्याच पाळीतला एक भाऊ, 34 वर्षांचा, 182 वर 114. "मला तं काहीच होत न्हाई," म्हणाला. बाला निदान घण तरी ऐकू यायचे.

एका कार्यकर्त्यानं मला झापलं, "हे सरकारचं काम, तुम्ही काहून करता? चळवळीला दवाखाना करून टाकता." साहेब, जामखेडला आरोळे दांपत्यानं 1970 साली काम सुरू केलं. खेड्यातल्या निरक्षर बाया, त्यात कितीतरी दलित, आरोग्यसेविका झाल्या. ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्यांच्या हातून गावानं बाळंतपणं करून घेतली. ती चळवळ नव्हती तर काय होतं? गडचिरोलीत 'सर्च'नं 86 गावांतले मृत्यू तपासले, तेव्हा कळलं की शंभरातले चौदा लकव्यानं जातात. मोजल्याबिगर हे दिसलं नसतं. सरकारचं काम सरकारकडून करून घ्यायला हातात वही लागते. आमची मागणी त्या वहीतूनच निघाली. रक्तदाबाची गोळी सरकारी केंद्रात फुकट मिळते, पण ती घ्यायला सकाळी जावं लागतं, म्हणजे एक हजेरी बुडते. फुकटची गोळी आम्हाला एका दिवसाच्या मजुरीला पडते. पाळी सुटल्यावर, संध्याकाळी सातला, विहारात गोळ्या द्या. महिन्याच्या एकदम द्या. पट्टा भट्टीवरच्या प्रत्येक दंडाला लावा, ठेक्यावरच्यालाही.

तो 182 वाला भाऊ दोन आठवडे गोळी घेत होता. मग ती संपली, आणि हजेरी बुडवायची त्याची ऐपत नव्हती. काल रात्री तो माझ्यासमोर सांडशी धरून उभा होता. मी लोखंड सोडून त्याच्या कानशिलाकडं बघत होतो.

मायनं अजून पट्टा बांधू दिलेला नाही. म्हणते, "आकडा कळला की जीव लवकर जातो. तुह्या बाला कळला नव्हता तवर चांगला होता." येत्या रविवारी तिला ओढून आणणार आहे. मशीनचे सेल उतरलेत, कुणाकडं असतील तर घेऊन या.