गोठ्यातली आणि घरातली

गेल्या नाताळात आमचे बाळ पाच आठवड्यांचे होते. पाजले की अर्धे दूध माझ्या खांद्यावर! तेवढ्यावरून वसईच्या आमच्या घरात जो तो वैद्य झाला. कुणी घुटी उगाळली. कुणी म्हणाले, 'आईचेच दूध बाधते, वरचे द्या.' अहो, तान्ह्याच्या अन्ननलिकेच्या तळचा स्नायू कच्चाच असतो. वर्षाच्या आत बहुधा ही ओकारी आपोआप थांबते. वजन वाढेना, वा ओकारी हिरवी पडू लागली, तर डॉक्टर आहेत. सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नको.

खरा राग वेगळाच होता : सून मध्यरात्रीच्या मिस्साला आली नाही! गोठ्यात मरिया बाळंतीण झाली म्हणून मेणबत्त्या लावणाऱ्यांना घरातली बाळंतीण दिसू नये? बाळाची ओकारी आठव्या महिन्यात थांबली. पाहुणे अजून रुसलेलेच आहेत.