मैदानावरून : संघ कोणाभोवती बांधायचा?

गणेशोत्सवाच्या बैठकीत अर्धा तास गेला तो ‘शुभमन की यशस्वी’ या वादात. चहा झाला, वाद मिटला नाही.

मे २०२५ मध्ये रोहित आणि विराट दोघांनीही कसोटीचा निरोप घेतला आणि पंचविशीतल्या शुभमन गिलकडे कर्णधारपद आले. इथल्या पाच कसोटींत पठ्ठ्याने ७५४ धावा केल्या. एजबॅस्टनला २६९ आणि १६१! त्या मैदानावर भारत प्रथमच कसोटी जिंकला. बर्मिंगहॅमकर मंडळी अजून तिकिटे जपून आहेत.

यशस्वी जयस्वाल दोन वर्षांनी लहान. आझाद मैदानावर तंबूत राहून, पाणीपुरी विकून वर आलेला. तेव्हा मुंबईकरांचे पारडे तिकडे झुकणारच. (मध्ये गोव्याकडून खेळतो म्हणाला होता, पण विचार बदलला.) २०२४ मध्ये मायदेशी इंग्लंडविरुद्ध ७१२ धावा, दोन द्विशतके. २०२५ मध्ये हेडिंग्लेला शतक ठोकले, पण झेलही सांडले. त्यातला एक डकेट ९७ वर असताना! तो सामना आपण हरलो. ओव्हलला मात्र त्याचे दुसऱ्या डावातले ११८ नसते, तर सहा धावांचा तो विजय कुठला?

माझे मत विचाराल, तर कर्णधार शुभमनच असावा. पण चौथ्या क्रमांकासाठी रांग लागते, नवा चेंडू खेळून काढणारा सलामीवीर शोधावा लागतो. म्हणून मी बांधणी यशस्वीभोवती करीन आणि रोज शंभर झेल घ्यायला लावीन.

आमची कन्या शुभमनवाली आहे. तिचे उत्तर पुढच्या अंकात छापावे लागणार, अशी तंबी मिळाली आहे.