दूर राहून व्यापार : हद्द आणि जबाबदारी

आमच्या समाजातील कितीतरी मुले-मुली आज दुबई, लंडन, सिंगापूर येथे राहतात. कोणी तेथून सांगलीच्या हळदीचा व्यापार करतो, कोणी तेथील बिऱ्हाडात बसून भारतातील कंपनीचे काम पाहतो. यात वावगे काही नाही. पालनपूरच्या जैन जव्हेऱ्यांनी अँटवर्पला पेढ्या घालून कच्चे हिरे घेतले, सुरतेच्या कारागिरांकडून ते घडविले आणि जगभर विकले. दूर राहून व्यापार करण्याची विद्या आपणांस नवी नाही. मात्र ती आता फार सोपी झाली आहे, आणि त्या सोपेपणामुळे जबाबदारीही हलकी झाली असा भास होतो. त्याविषयी येथे दोन शब्द लिहावेसे वाटतात.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात देशव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. ठरविलेल्या हद्दीबाहेरून वस्तू मागविणे, तेथे माणूस पाठविणे, आवाज देऊन काम साधणे, स्वतःचे रूप दाखवून खूण करणे आणि काही वस्तू फेकून लक्ष वेधणे हे ते पाच होत. देह हद्दीत राहिला म्हणजे व्रत राहिले, असे आचार्यांनी मानले नाही. आज आपला आवाज आणि आपले रूप क्षणार्धात समुद्रापार जाते. जेथे आपला शब्द काम करतो तेथे आपली जबाबदारीही पोहोचते, हा बोध व्रत घेतलेल्यास व न घेतलेल्यास सारखाच लागू आहे. त्याच अध्यायात अचौर्याच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याच्या नियमांविरुद्ध व्यवहार करणे, हाही गणला आहे.

राज्यांचे कायदेही याच दिशेने जातात. दुबईचेच उदाहरण घ्या. बाहेरच्या मालकाचे काम तेथे राहून करणाऱ्यांसाठी दुबईने 2020 साली एक वर्षाची विशेष परवानगी सुरू केली. परंतु नोकरीच्या परवान्यावर राहणाऱ्यास स्वतःचा व्यापार करावयाचा तर निराळा परवाना लागतो. पर्यटकाच्या व्हिसावर दुकान मांडता येत नाही. ‘तेथे कर नाही’ हे वाक्यही आता जपून उच्चारावे. 2018 पासून तेथे 5 टक्के मूल्यवर्धित कर आहे, आणि 1 जून 2023 पासून सुरू होणाऱ्या हिशेबी वर्षांकरिता 3,75,000 दिरहमांवरील व्यावसायिक नफ्यास सर्वसाधारणपणे 9 टक्के कर लागू झाला आहे.

इकडे भारतात वर्षातील 182 दिवसांचा हिशेब सर्वांस ठाऊक आहे. परंतु भारतातील उत्पन्न 15 लक्षांहून अधिक असेल, तर विशिष्ट अटींवर ती मर्यादा 120 दिवसांवर येते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. कंपनी परदेशात नोंदविलेली असली, तरी तिचे खरे निर्णय कोठे घेतले जातात हेही आयकर खाते पाहू शकते. परदेशी स्थायिक झालेल्याने बँकेतील साधे बचत खाते तसेच चालू ठेवू नये. ते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते.

आमची खरी चिंता मात्र घरातली आहे. मुलगा दुबईत, माल सांगलीहून, आणि सह्या बेळगावात वडिलांच्या! कागद न वाचता केलेली सही प्रेमाची असते, पण नोटीस येते ती सही करणाऱ्याच्या दारी. पुढे बाप-लेकांत, भावा-भावांत जे अंतर पडते, ते कोणत्याही वकिलास भरून काढता येत नाही. म्हणून सांगावेसे वाटते की, भागीदारी लेखी करावी. वडिलांचा, भावाचा वा सुनेचा श्रमाचा वाटा वहीत लिहावा. दोन्ही देशांतील जमाखर्च दरमहा जुळवावा. आणि दोन्हीकडचे करसल्लागार व्यवहारापूर्वी गाठावेत, नंतर नव्हे.

आमच्या मंडळानेही परगावी गेलेल्यांस ‘गेलेले’ समजू नये. त्यांना सभासद ठेवावे, वर्षातून एकदा जाणकारांकरवी या नियमांची माहिती सर्व कुटुंबांस द्यावी, आणि तिकडे जाणाऱ्या तरुणांची तेथील अनुभवी बांधवांशी गाठ घालून द्यावी. पेढीची पत पूर्वजांनी अनेक वर्षे खपून मिळविली आहे. ती परमुलखातही तशीच राहावी, एवढीच आमची विनंती आहे.